पाळी गेल्यावरचा व्यायाम : जिम नाही, चार महिने पाऊस, पडवीत काय काय बसवता येईल?

सुपारीबाग (गुहागर तालुका)

आमच्या वाडीतल्या बचत गटात १४ जणी आहेत, वय ४४ ते ६२. निम्म्यांची पाळी जाऊन वर्षाच्या वर झालं, चौघींची अजून मागेपुढे होते, दोघींची गर्भपिशवी काढलेली आहे. जूनपासून आठवड्यातले दोन-तीन दिवस सकाळी पडवीत एकत्र व्यायाम करायचं ठरतंय. जागा साधारण १० फूट बाय ३०, मधे लाकडी खांब, दोन बाकडी, एक प्लास्टिकच्या खुर्च्यांची चवड. बाकी सामान काही नाही आणि विकत घ्यायला पैसेही फार नाहीत.

तिघींचे गुडघे दुखतात, एकीला शुगर आहे आणि गोळ्या चालू आहेत, तिघी-चौघींना खोकताना किंवा कळशी उचलताना लघवी सुटते (हे हळूच सांगितलंय). मधेच अंगातून वाफा निघतात, झोप मोडते, हे जवळपास सगळ्यांचं.

आणि मोठा आक्षेप असा की “दिवसभर राबतोच की, परत व्यायाम कशाला?” याला उत्तर काय द्यायचं तेही सांगा. “चाला, आनंदी राहा” असलं नको. किती वेळा, किती वजन, काय टाळायचं, असं लिहा.


सांधेजोड (फिजिओथेरपी, रत्नागिरी)

आधी आक्षेपाचं बघू, कारण तो खोटा नाही. लावणी, काजू गोळा करणं, पाणी भरणं, सारवणं यात दम लागतो, घाम येतो, कष्ट होतातच. पण स्नायू आणि हाड वाढतं ते नेहमीपेक्षा जास्त भार पडला तर. तीच १० लिटरची कळशी वीस वर्षं उचलली की शरीराला ती सवयीची होते. दुसरं म्हणजे आपली बहुतेक कामं पुढे वाकून होतात. पाठीचा वरचा भाग, खांदे, नितंबांचे स्नायू यांना पूर्ण काम मिळतच नाही आणि मणक्यावर मात्र सतत एकाच बाजूचा ताण. तिसरं, तोल सांभाळायचा सराव कुठल्याच कामात मुद्दाम होत नाही. हाड मोडतं ते बहुतेक वेळा पडल्यावर.

पाळी बंद झाल्यावर इस्ट्रोजेन (हाडं राखणारं बायकांचं हार्मोन) उतरतं आणि पहिल्या पाच-सात वर्षांत हाडाची झीज सगळ्यात वेगाने होते. म्हणून ५० ची बाई “मला अजून काही होत नाही” म्हणते तेव्हाच सुरू करायचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनात आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रम, त्याशिवाय किमान दोन दिवस ताकदीचा व्यायाम आणि ६५ च्या पुढे तीन दिवस तोलाचा सराव सांगितला आहे. चालण्याची मिनिटं तुमच्या बायका कामातच भरून काढत असतील. कमी पडतात ते ताकदीचे दोन दिवस. तेव्हा पडवीतला वेळ चालण्यात घालवू नका.

सोमवार आणि गुरुवार धरा, मधे किमान ४८ तास जाऊ देत. एकूण ४० मिनिटं. पाच मिनिटं जागच्या जागी चालणं, खांदे फिरवणं, घोटे फिरवणं, मग हे :

उठबस. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, प्लास्टिकची खुर्ची सरकते आणि तिथेच पहिला अपघात होतो. हात छातीवर, एकदोन म्हणत उठायचं, एक ते चार मोजत बसायचं. बसताना धपकन अंग टाकलं तर अर्धा फायदा गेला, कारण मांडीचा स्नायू सावकाश उतरतानाच जास्त काम करतो. ८ ते १२ वेळा, दोन फेऱ्या. गुडघे दुखणाऱ्यांनी बैठकीवर घट्ट घडी केलेली गोधडी ठेवून उंची वाढवा, तेवढ्याने गुडघ्यावरचा ताण बराच उतरतो. जिला सोपं जातं तिने छातीशी तांदळाची पिशवी धरा, आधी २ किलो.

वाकून उचलणं. हा सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात चुकीचा केला जाणारा. पाठीला उभी काठी लावा : डोक्याचा मागचा भाग, खांद्यांमधली जागा आणि माकडहाड, तिन्ही ठिकाणी काठी टेकलेली राहिली पाहिजे. गुडघे जरासे सैल, ढुंगण मागे ढकलत वाका. काठी सुटली की पाठ गोल झाली. आठवडाभर नुसती काठी. मग दोन्ही हातांत एकेक बादली, प्रत्येकीत ३ लिटर पाणी. बादल्या जमिनीवर न ठेवता चिऱ्यावर ठेवा म्हणजे फार खाली जावं लागत नाही.

ढकलणं. भिंतीला हात लावून, पाय दीड हात मागे, कोपर दुमडत छाती भिंतीकडे. १२ सहज जमले की भिंतीऐवजी बाकड्याच्या पाठीवर, ते बाकडं पक्कं असेल तरच.

ओढणं. एक हात बाकड्यावर टेकून दुसऱ्या हाताने तांदळाची पिशवी बरगडीपर्यंत ओढायची, कोपर अंगाजवळ. पाठीचा बाक कमी करायला याचा उपयोग होतो.

डोक्यावर उचलणं. प्रत्येक हातात पाऊण ते एक किलोची बाटली. खांद्याला कळ येत असेल तर कपाळापर्यंतच.

टाचा उचलणं. खांबाला बोटं लावून १५ वेळा. शेवटी तोल : एका पायाच्या पुढे दुसरं पाऊल टाच-अंगठा जोडून १० पावलं, मग एका पायावर १० सेकंद, हळूहळू ३० पर्यंत. खांब हाताच्या अंतरावर हवाच.

वजन कधी वाढवायचं याचा नियम सांगून ठेवा, नाहीतर वर्षभर त्याच बाटल्या हलवत राहतील आणि मग ते व्यायाम नाहीत, आरती आहे. शेवटच्या दोन-तीन वेळा जड गेल्या पाहिजेत. लागोपाठ दोन दिवस १२-१२ च्या दोन फेऱ्या सहज झाल्या की अर्धा ते एक किलो वाढवा आणि परत ८ वर या. १ लिटरच्या बाटलीत पाणी १ किलो, सुकी वाळू भरली तर दीड किलोच्या आसपास. वाळू नीट ठासून झाकणावर चिकटपट्टी लावा.

उचलताना श्वास सोडायचा, खाली आणताना घ्यायचा. श्वास कोंडला तर रक्तदाब एकदम चढतो आणि ओटीपोटावर खाली दाब येतो. लघवी सुटते ती याच क्षणी.

दुखण्याचं मोजमाप : दहापैकी तीन-चारपर्यंत दुखणं, जे चोवीस तासांत पूर्ववत होतं, ते चालेल. दुसऱ्या दिवशी सांधा सुजलेला दिसला तर वजन निम्मं करा, व्यायाम बंद करू नका. मांड्या दोन दिवस भरून येणं वेगळं, ते पहिल्या पंधरवड्यात येणारच. पहिल्या दिवशी उत्साहात पाच फेऱ्या मारू देऊ नका, तिसऱ्या दिवशी निम्म्या यायच्या नाहीत.


ओहोटी

ताकदीचं मान्य. पण किनारा एवढा जवळ असताना चालण्याचं नुसतं उडवून लावू नका. ओल्या कडक वाळूवर चाला, भुसभुशीत वाळूत चालायला जवळपास दुप्पट ताकद लागते आणि टाच-पोटरी आधी दुखायला लागते. किनारा समुद्राकडे उतरता असतो, त्यामुळे एक पाय सतत खाली राहतो. ज्या रेषेने गेलात त्याच रेषेने परत या म्हणजे दोन्ही पायांना सारखं पडेल. ओहोटीची वेळ रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, तेव्हा “रोज सहाला” हे किनाऱ्यावर टिकत नाही, आठवड्याची वेळ तिथी बघून ठरवा.

वेग केवढा, तर बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, एवढा. शुगर असलेल्या ताईंनी अनवाणी चालू नये. शिंपला रुतला तरी कळत नाही आणि जखम चिघळते.


मालवणी_खाजा

ह्यां सगळां बरां, पण पावसात पाखाडयेर चढ-उतार करूक सांगा नको कोणाक. शेवाळ धरता, पाय सटाकलो की मनगट नायतर खुबो. जून ते सप्टेंबर पडवीतच बरां.


सांधेजोड (फिजिओथेरपी, रत्नागिरी)

अगदी. जांभ्याच्या पायऱ्या ओल्या असताना त्या वयात चढ-उतार नकोच. पायरी हवी असेल तर पडवीची एक पायरी, आठ इंचांच्या आत, कोरडी, हाताशी खांब. एका पायाने दहा वेळा चढा, मग दुसऱ्या. गुडघेवाल्यांना चढणं जमतं, दुखतं ते उतरताना. त्यांनी मागे उतरताना हात धरावा.


वहीतल्या_नोंदी (आरोग्यसेविका)

वर्ग सुरू करण्याआधी एक तास काढा आणि प्रत्येकीला बाजूला घेऊन विचारा. चौदा जणींसमोर “तुला लघवी सुटते का” विचारलं तर उत्तर येणार नाही.

विचारायचं काय : बीपी मोजलंय का (१८०/११० च्या वर असेल तर आधी औषध, मग वजनं), छातीत दाब येतो का, गेल्या काही वर्षांत साध्या पडण्याने हाड मोडलंय का, उंची कमी झाल्यासारखी वाटते का, दम्यासाठी किंवा संधिवातासाठी स्टिरॉइडच्या गोळ्या बराच काळ घेतल्यात का. शेवटच्या तिन्हींपैकी एकाला जरी हो आलं तर डॉक्टरांना दाखवून डेक्सा (हाडांची घनता मोजायच्या) तपासणीबद्दल विचारा. त्यात टी-स्कोर (तरुण निरोगी हाडाच्या तुलनेतला आकडा) उणे २.५ किंवा त्याखाली आला तर अस्थिविरळता म्हणतात. शिबिरात टाचेवर यंत्र लावून जे करतात ती फक्त चाळणी असते, त्यावर गोळ्या सुरू करायच्या नसतात.

पिशवी काढलेल्या दोघींना विचारा की अंडाशयं ठेवली की तीही काढली. कागदावर लिहिलेलं असतं. अंडाशयं काढली असतील तर पाळी जाण्याचे सगळे परिणाम एका दिवसात सुरू झालेले असतात, आणि ते ४५ च्या आधी झालं असेल तर हाडांची काळजी दुप्पट. नुसती पिशवी काढली असेल तर रक्तस्राव बंद म्हणजे पाळी गेली असं धरता येत नाही.

आणि हे फळ्यावर लिहा : पाळी बंद होऊन १२ महिने झाल्यावर एक डाग जरी दिसला तरी तपासणी. “उष्णतेने झालं असेल” म्हणून थांबायचं नाही. बहुतेक वेळा कारण किरकोळ निघतं, पण गर्भाशयाच्या कर्करोगाची पहिली खूण हीच असते आणि लवकर सापडला तर उपचार सोपा.

आता लघवी सुटण्याचं. लघवीची आणि वात सरण्याची जागा दोन्ही एकदम रोखून आत-वर ओढल्यासारखं करायचं. पोट, मांड्या, ढुंगण सैल. ५ सेकंद धरा, ५ सेकंद सोडा, असं ८ ते १०, दिवसातून तीनदा. आधी आडवं होऊन, मग बसून, मग उभ्याने. हळूहळू १० सेकंद. निकाल यायला तीन महिने लागतात, तीन आठवड्यांत सोडून देणाऱ्याच जास्त. लघवी करताना मधे थांबवून सराव करू नका, मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही. श्वास रोखून खाली जोर दिला जातो, ही दुसरी नेहमीची चूक. तसं केल्याने उलट वाढतं. खोकला येणार असं वाटलं किंवा कळशीला हात घातला की आधी आवळा, मग उचला. लघवी सुटते म्हणून पाणी कमी पिणं चुकीचं, घट्ट लघवीने जळजळ वाढते. चहा कमी केला तर फरक पडतो. बद्धकोष्ठ असेल तर तेही बघा, कुंथण्याने हेच स्नायू सैल होतात. अंग बाहेर येतंय असं कोणी म्हणाली तर उड्या आणि जड वजन थांबवून स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवा. योनीमार्गात आधाराची रिंग बसवूनही पुष्कळ काम भागतं, प्रत्येकीला शस्त्रक्रिया लागत नाही.

शुगरवाल्या ताई ग्लिमेपिराइडसारखी, शुगर जास्तच खाली आणू शकणारी गोळी घेत असतील तर रिकाम्या पोटी यायचं नाही. चक्कर, थरथर, घाम आला की तीन चमचे साखर पाण्यात. ही साखर पडवीत डब्यात असू दे. गंमत म्हणजे शुगर उतरल्याचा घाम आणि पाळीच्या वाफेचा घाम दिसायला सारखाच; वाफेत सहसा हात थरथरत नाहीत आणि ती काही मिनिटांत ओसरते. शंका आली तर आधी साखर द्या.

वाफांबद्दल खरं सांगायचं तर व्यायामाने त्या हमखास थांबतात असं नाही. झोप आणि मनःस्थिती सुधारते. फारच त्रास असेल तर हार्मोनचा उपचार सगळ्यात परिणामकारक, पण स्तनाचा कर्करोग, रक्ताच्या गुठळ्या असं काही होऊन गेलेलं असेल तर तो चालत नाही, म्हणून तज्ज्ञांकडूनच. आपल्या दमट हवेत घाम सुकत नाही, त्यामुळे वाफ जास्त वेळ टिकल्यासारखी वाटते. वर्ग सकाळी साडेसहा-सातला, सुती कपडे, पंखा अंगावर. ऑक्टोबरच्या उन्हाळ्यात तर आठनंतर नकोच.


कुळथाची_पिठी (आहारतज्ज्ञ)

वजनं उचलायची आणि सकाळी नुसती पेज प्यायची, मग स्नायू कशाचा होणार? मूठभर तांदळाच्या पेजेत प्रथिनं जेमतेम दोन ग्रॅम. ५५ किलोच्या बाईला दिवसाला ५५ ते ६५ ग्रॅम लागतात, तीन जेवणांत वाटून. (मूत्रपिंडाचा आजार असेल तर आधी डॉक्टर.) दोन अंडी १२-१३ ग्रॅम, १०० ग्रॅम बांगड्याचं मांस २० च्या आसपास, ३० ग्रॅम कुळीथ साडेसहा. काळे वाटाणे, चवळी, मूग तसेच.

कोकणातली गोची जून-जुलैत होते. मासेमारी बंद, ताजे मासे नाहीत, पाठोपाठ श्रावण. नेमका वर्ग सुरू होतो तेव्हाच ताटातली प्रथिनं गायब. तेव्हा पेजेबरोबर एक अंडं किंवा वाटीभर उसळ ठरवूनच टाका. पिठी असेल तर जरा घट्ट करा, पातळ पिठीत पाणीच जास्त जातं.

कॅल्शियम : राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीत पाळी गेलेल्या स्त्रीला रोज १२०० मिलिग्रॅम. नाचणी १०० ग्रॅमला साधारण ३५०, म्हणजे ६० ग्रॅम पिठाच्या एका भाकरीत दोनशेच्या वर. पण वस्त्रगाळ केलेलं सत्त्व वेगळं. नाचणीचं कॅल्शियम बरंचसं सालात असतं, ते फडक्यात राहतं. भाकरी किंवा आंबील सबंध पिठाची करा. दूध किंवा दही एक कप २४० च्या आसपास, काळे तीळ चमचाभर घातले तर शंभर. मोठ्या माशाचा काटा आपण टाकतो, त्यामुळे सुरमईतून कॅल्शियम मिळत नाही. काट्यासकट चावून खाल्ली जाणारी कुरकुरीत मांदेली, मोतके यांतून मिळतं. सुकी मासळी चांगली, पण खारवलेली असेल तर दोन-तीनदा पाण्यातून काढा, बीपीवाल्यांनी तर नक्कीच. आगळातही (कोकमाच्या घट्ट रसात) मीठ असतंच, म्हणून “कोकम थंड असतं” म्हणत दिवसाला चार ग्लास नकोत.

गोळी घ्यायची झाली तर एका वेळी ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त शोषलं जात नाही. कॅल्शियम कार्बोनेट जेवणाबरोबर. थायरॉइडच्या गोळीपासून चार तास लांब, लोहाची गोळी वेगळ्या वेळी.

ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी शेजारणीला दिली म्हणून आपणही आठवड्याला घ्यायची, हे आपल्याकडे फार चालतं. महिनोन् महिने घेतली तर रक्तात कॅल्शियम वाढून मुतखडा, उलट्या, मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. किती आठवडे ते चिठ्ठीवर लिहून घ्या.


योगवर्ग_चिपळूण

सूर्यनमस्काराचा कोणीच उल्लेख केला नाही याचं नवल वाटलं. बारा सूर्यनमस्कारांत सगळं येतं.


सांधेजोड (फिजिओथेरपी, रत्नागिरी)

सगळं येत नाही. ढकलणं येतं, लवचीकपणा येतो, दम येतो. ओढणं नाही आणि भार वाढवायची सोय नाही. ज्यांचं हाड ठीक आहे त्यांनी जरूर घालावेत. ज्यांचा मणका आधीच विरळ आहे त्यांनी हस्तपादासन, पश्चिमोत्तानासन अशी पाठ गोल करून खोल वाकायची आसनं टाळायची. मणक्याच्या पुढच्या कडेवर दाब येऊन तो चेपला जाऊ शकतो. भुजंगासन, शलभासन, वृक्षासन त्यांनाही चालतात.

दुसऱ्या टोकालाही जाऊ नका. ऑस्ट्रेलियातल्या लिफ्टमोर या अभ्यासात (२०१८ साली प्रसिद्ध) हाडं कमकुवत असलेल्या, पाळी गेलेल्या बायकांनी आठ महिने आठवड्यातून दोनदा, अर्धा तास, खरोखर जड वजनं उचलली आणि कमरेच्या मणक्याची घनता वाढली. पण तिथे शेजारी प्रशिक्षक उभा होता. पडवीत एवढं जड नको. कमकुवत हाडालाही भार चालतो, फक्त तो पाठ सरळ ठेवून टप्प्याटप्प्याने पडला पाहिजे, एवढंच त्यातून घ्या.


योगवर्ग_चिपळूण

मान्य. वयस्कर गटाला पर्वतासनात गुडघे वाकवून पाठ सरळ ठेवायला सांगता येईल, पुढे वाकताना हात मांडीवरच.


सुपारीबाग (गुहागर तालुका)

सगळ्यांचे आभार, वहीत उतरवून घेतलं. दोनच शंका. गणपतीत फुगड्या घालायच्याच आहेत, त्या चालतील का? आणि चौदा जणींना बाटल्या-बादल्या एकाच वेळी पुरणार नाहीत.


सांधेजोड (फिजिओथेरपी, रत्नागिरी)

फुगडी हाडाला चांगलीच, धक्का बसतो तेव्हा हाडाला निरोप जातो. घात होतो तो अकरा महिने काही नाही आणि एकदम रात्रभर, यात. पोटरी भरते, गुडघा मुरगळतो. जुलैच्या मध्यापासून टाचा उचलून धपकन जमिनीवर टेकवायच्या, १० पासून सुरुवात, दोन आठवड्यांनी २०. ऑगस्टमध्ये दोन्ही पायांवर इंच-दोन इंच उडी, १० च्या दोन फेऱ्या. लघवी सुटणाऱ्यांनी आधी आवळून मग उडी, तरी सुटली तर टाचांवरच थांबायचं. ज्यांचं हाड आधी मोडलंय किंवा गुडघा सुजतो त्यांनी उड्या नाही, बसफुगडीही नाही. टाळ्या आणि गाणी त्यांच्याकडे. नुकत्याच सारवलेल्या ओल्या खळ्यात कोणीच नको.

सामानाचं सोपं आहे. चौदा जणींचे तीन गट करा, एक उठबस, एक बादल्या, एक भिंत; प्रत्येक ठिकाणी चार मिनिटं आणि मग पुढे. मग ओढणं, डोक्यावर उचलणं आणि खांब अशी दुसरी फेरी. भिंतीच्या जागेला सामानच लागत नाही, म्हणून दहा बादल्या आणि दहा बाटल्यांत भागतं. प्रत्येकीच्या बाटलीवर रंगाने वजन लिहा, नाहीतर ६२ च्या काकूंच्या हातात ४४ च्या ताईंची बाटली जाते.